नऊपट वजनाची भाची

मी शिरवळला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आमचे एक साहेब युरोपला जाऊन आले आणि पुढं कित्येक महिने कॅन्टीनमध्ये आम्हाला तिथल्या चीजबद्दल ऐकवत राहिले. चीज मात्र कधी आणलं नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपणही एकदा कुठंतरी जाऊन यायचं आणि लोकांना पिडायचं. योग आला तो शिरवळ ते सांगलीजवळचं माधवनगर असा. हसू नका. या रस्त्यानं तुम्ही शंभरदा गेला असाल, पण लढाऊ विमान उडवायला निघालेल्या भाचीबरोबर गेला नसाल. आणि तिच्यापायी पाण्याचा थेंबही न घेता अख्खा दिवस काढला नसेल. मी काढला. माझं पोट ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

भाचीचं नाव वैजयंती, घरात वैजू. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, एकुलती एक मुलगी. हवाई दलात अधिकारी झाली, लढाऊ विमानाच्या शिक्षणासाठी निवड झाली, तेव्हा अक्कानं अख्ख्या गल्लीला जेवण घातलं होतं. पण त्या शिक्षणात बंगळूरला एक चाचणी असते. माणसाला एका फिरत्या यंत्रात बसवून गरागरा फिरवतात आणि शरीर किती ताण सोसतं ते बघतात. वैजू त्यात बेशुद्ध पडली. येता मंगळवार सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी परत बोलावलं होतं. जमलं तर लढाऊ विमान, नाहीतर मोठी मालवाहू विमानं.

"मालवाहू काय वाईट आहे?" मी विचारलं. आमचा अर्धा शिरवळ मालवाहतुकीवर जगतो.

"वाईट काय न्हाई मामा. पण मला ते न्हाई पायजे." रविवारी ती माझ्या दारात उभी होती, पाठीवर पिशवी घेऊन. "माझ्यासंगं घरी चला. आईफुडं एकटीनं जायचा धीर हुईना."

लढाऊ विमानाला न घाबरणारी मुलगी आईला घाबरते, हे ऐकून मला तिच्याबद्दल आदर वाटला. अक्काला मीही घाबरतो. मी रजा टाकली.

खंबाटकी घाट

एसटी घाटात शिरली की मला गाडी लागते. म्हणून मी लिंबू हुंगत बसतो आणि खिडकीबाहेर बघत नाही. वैजूला हसू आवरेना.

"मामा, वळणावर तुमी माझ्या अंगावर कलंडताय न्हवं? विमानात हुतं ती ह्याचीच थोरली बहीण. विमान जोरात वळलं की अंगाचं वजन वाढतं. दुप्पट, चौपट, कवाकवा नऊपट. त्याला आमी जी म्हणतो. नऊ जी म्हंजे नऊपट."

"वाढू दे की. माझं तसंही वाढतंय."

"रक्ताचंबी वाढतं. मग ते जड रक्त काळजाला वर डोक्याकडं ढकलवत न्हाई. सगळं पायात आन् पोटात साठतं. पयल्यांदा डोळे जातात, मग शुद्ध."

मग उपाय काय? एक खास पेहराव असतो. पोटऱ्या, मांड्या आणि पोट यांच्याभोवती हवेच्या पिशव्या, वेळ आली की आपोआप फुगतात आणि करकचून आवळतात, दवाखान्यात रक्तदाब मोजताना दंड आवळतात तशा. पण नुसत्या पेहरावावर भागत नाही. पाय, ढुंगण, पोट आपणच दगडासारखं कडक करायचं, छाती भरून श्वास कोंडायचा, आणि दर दोन-तीन सेकंदांनी झटक्यात थोडी हवा सोडून परत भरायची. हे सगळं चालू असताना विमानही चालवायचं, शत्रूही बघायचा. मला साधं गाडी चालवताना फोनवर बोलणं जमत नाही.

तिनं तिथंच करून दाखवलं. पाय सीटखाली रोवले, चेहरा लाल झाला आणि थोड्या थोड्या वेळानं "हूक! हूक!" असा आवाज. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागं वळून पाण्याची बाटली पुढं केली. "बाय माजी, उचकी लागली व्हय गं? कोन आठवण काढतंय बग." वैजू निमूटपणे पाणी प्यायली. हे लक्षात ठेवा, तो सोमवार होता.

सातारा

दाजी, म्हणजे वैजूचे वडील, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले. आता साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षेचं काम बघतात, आठवडाभर तिथल्याच खोलीत राहतात आणि सुट्टीला माधवनगरला जातात. निम्मा सातारा असाच फौजेतून आलेला. चहाच्या टपरीवर कुणाला नुसतं "साहेब" म्हणून हाक मारा, चार जण ताठ उभे राहतील.

दाजींनी पिठलं-भाकरी केली. फौजी हाताचं पिठलं, त्यात मिरची अशी की मला घाटातलं लिंबू परत काढावं लागलं. वैजू पोटभर जेवली.

सकाळी उजाडताना आम्ही तिघं अजिंक्यताऱ्यावर निघालो. खाली शहर धुक्यात बुडालेलं, समोर यवतेश्वराचा डोंगर नुकता तांबडा व्हायला लागलेला, आणि वाटेवर आमच्यासारखे पोट कमी करायला निघालेले लोक एकमेकांना "चला, चला" म्हणत स्वतः थांबलेले. वैजू आमच्या पुढं. प्रत्येक वळणावर ती थांबून बैठका मारायची, कारण मांड्या जितक्या भक्कम तितकं रक्त वर टिकतं. मी प्रत्येक वळणावर नुसता थांबायचो.

किल्ल्याचा दरवाजा दिसायला लागला आणि वैजू एकदम खाली बसली. तोंड पांढरंफटक. मी धावत जाऊन बाटली तिच्या तोंडाला लावली. तिनं मान फिरवली.

"अगं पी की!"

"न्हाई मामा. मंगळवार हाय."

मग सगळं बाहेर आलं. हिची निवड झाली तेव्हा अक्का औंधच्या यमाईला नवस बोलली होती, की पोरगी लढाऊ विमान एकटीनं उडवीपर्यंत दर मंगळवारी निरंकार उपास धरील. निरंकार म्हणजे दिवा लागेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आपल्याकडची ही जुनी रीत, नवस आईनं बोलायचा आणि फेडायचा लेकरानं. वैजूनं आजवर एक मंगळवार चुकवला नव्हता. आणि त्या यंत्रात ती बसली तो दिवसही मंगळवारच होता.

"डॉक्टरांनी विचारलं नाही, खाऊन आलीस का म्हणून?"

"इचारलं. मी व्हय म्हणाले." ती पायाखालची माती उकरत होती. "रक्तात पाणी कमी, पोटात काय न्हाई, मग वर चढायला रक्त आणायचं कुठनं? मला समदं कळतंय मामा. पण आईनं शब्द दिलाय देवीला. मी मोडला आन् उद्या विमानात कायबाय झालं, तर ती जलमभर सोताला दोष देत बसंल."

दाजी तिच्याजवळ दगडावर बसले. मग म्हणाले, "आमच्या पलटणीत परेडला सावधानमध्ये तास तास उभं राहाय लागायचं. नवं पोरगं गुडघं ताठ करून उभं राहतंय आन् धाडकन पडतंय. मग कवायतीचा उस्ताद दोनच गोष्टी इचारायचा. खाऊन आलावतास का, आन् बुटात बोटं हालवत व्हतास का. बोटं हालवली, पोटऱ्या आवळल्या की रगात वर राहतंय. वैजे, तुझं आन् आमचं दुखणं एकच गं."

"मग तुम्हीच सांगा की अक्काला," मी म्हणालो.

"न्हाई पाव्हणं. मी बर्फात व्हतो तवा तिनं माझ्या नावानं असंच धरलंवतं, आन् मी धड घरी आलो. मी कुठल्या तोंडानं सांगू? तुमी भाऊ हाय. तुमी बोला."

म्हणजे फौज मागं आणि स्टोअरकीपर पुढं. असं माझ्यावर आलं.

कराडच्या पुढं

दाजींना ड्युटी होती, आम्ही दोघं एसटीनं निघालो. कराडला मी मिसळ मागवली. समोर वैजू उपाशी, डोळे मिटून पाय आवळायचा सराव करत बसलेली. अर्धी मिसळ मी तशीच ठेवली. कराडला मिसळ उरली हे माझ्या चरित्रात पहिल्यांदाच घडलं.

पुढं रस्ता सगळा उसाचा. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून डुलत चाललेले, त्यांच्या मागं आमची एसटी मुंगीच्या पावलानं. खिडकीतून गुळमट वास येत होता. त्या सगळ्या वाटेवर मी अक्कासमोर करायच्या भाषणाची तयारी केली. लय भारी तयारी झाली होती.

माधवनगर

माधवनगरात शिरलं की आधी मागांची खटखट ऐकू येते, मग गाव दिसतं. अक्काच्या शेजारी मुमताजभाभींचं घर. त्यांच्या नवऱ्याचे दोन यंत्रमाग घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. अक्का आणि भाभींचं इतकं मेतकूट की मध्ये भिंत आहे ती केवळ कपडे वाळत घालायला.

दिवेलागण झाली. अक्कानं देवीपुढं दिवा लावला, वैजूला पाणी दिलं, भाकरी वाढली. तेवढ्यात तिला वैजूच्या हातावरचे बारीक लाल ठिपके दिसले.

"हे काय उठलंय गं? गोवर?"

"न्हाई आई. यंत्रात रक्त जड हुतं, बारक्या बारक्या नसा फुटतात. जातं आपलं आपण."

अक्कानं ऐकलंच नाही. "देवी रुसली. नवसात काय तरी कमी पडलं. आता शुक्रवारबी धरायचा."

मी घाईनं उठलो. भाषणापेक्षा प्रयोग बरा, म्हणून दुधाची किटली उचलली आणि अंगणात जाऊन गरागरा फिरवायला लागलो. "बघ अक्का, फिरतेय तोवर थेंब सांडत नाही. सगळं दूध बुडाला जातं. तसंच वैजूचं रक्त पायात..." इथपर्यंत फार छान चाललं होतं. किटली फिरवायची कशी हे मला माहीत होतं, थांबवायची कशी ते नव्हतं. सगळं दूध अक्काच्या धुतलेल्या नऊवारीवर.

"उपासाच्या दिवशी दूध सांडलं," अक्का एवढंच म्हणाली आणि आत गेली. भिंतीपलीकडून मुमताजभाभींचं हसणं ऐकू आलं.

सकाळी मी तोंड लपवून चहा पीत होतो. वैजू अंगणात सराव करत होती. पाय रोवले, पोट आवळलं, हूक, हूक. भाभी आमच्याकडं येऊन पाटीत भाजी निवडत बसल्या होत्या. अक्का झाडू हातात धरून बघत राहिली.

"हे काय करतीस गं? वैरणीचा भारा उचलताना करत्यात तसं?"

लग्नानंतरची कितीतरी वर्षं अक्का सासरच्या उसाच्या रानात राबली आहे. तिनं झाडू ठेवला, पदर खोचला, कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्यापुढं उकिडवी बसली. मांड्या आवळल्या, श्वास कोंडला, "हूक!" आणि पोतं गुडघ्यावर. मग परत थोडा श्वास, "हूक!" आणि पोतं कमरेला. या वयात! वैजूचं तोंड उघडंच राहिलं.

"आई, हेच गं! हेच शिकवत्यात आमाला!"

"ह्याला काय शिकवायचं? असं न्हाई केलं तर अंधारी येती." अक्कानं पोतं टेकवलं आणि बोलता बोलता तिचा आवाज हळू झाला. "मला आलीवती एकदा. चतुर्थीचा उपास व्हता, पाणीबी न्हवतं घेतलं. भारा डोक्यावर घेतला आन् आदी हिरवं गेलं. समदा ऊस पांढरा दिसाय लागला. मग कडंकडंनं काळं येत गेलं. सासूबाईंची हाक ऐकू येत व्हती, पण दिसत काय न्हवतं. मग पडले."

वैजू हलायची थांबली. "आई, तिथं यंत्रात समोर लाल दिवा असतोय आन् दोन्ही कडंला हिरवं दिवं. आदी हिरवंच गेलं. मग कडंकडंनं काळं. सायबांचा आवाज ऐकू येत व्हता."

"कुठल्या वारी गं?"

वैजूनं हात पाठीमागं नेले.

"वैजे, कुठल्या वारी?"

"मंगळवारी."

अक्का पोत्यावरच बसली. मग तिनं वैजूचा हात ओढून घेतला आणि त्या लाल ठिपक्यांवरून अंगठा फिरवायला लागली. "माझ्या नवसानं पडलीस व्हय गं तू. आन् तोंडानं बोलली न्हाईस." ती रडली. अक्काला रडताना मी आमची आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

पण डोळे पुसल्यावर परत तेच. "आता शब्द दिलाय यमाईला. मागं कसा घेऊ? ती काय माझी सोयरी हाय, उद्या येते म्हणून सांगायला?"

तेव्हा मुमताजभाभी भाजीतून मान वर न काढता म्हणाल्या, "मागं कशाला घ्यायचा? फुडं ढकल की. आमच्यात रमजानमधी कोन प्रवासात असंल तर त्याला रोजा माफ असतोय. सुटत न्हाई, बरं का. घरी आल्यावर एकाला एक फेडायचा. अल्लाला म्हाईत असतंय, रस्त्यावरच्या माणसाला ताकद लागती. तुझ्या यमाईला न्हाई व्हय म्हाईत?"

अक्का पोत्यावरून भाभींकडं वळली.

"पोरगी तर प्रवासालाच निघाल्याली हाय," भाभी म्हणाल्या. "ती बी आभाळात."

अक्का उठली, हातपाय धुतले, देवीपुढं जाऊन बसली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाहेर आली ती पदर खोचतच. "ठरलं. पोरीचे मंगळवार पोरगी फेडील, विमान खाली उतरल्यावर, सावकाश. तवर तिच्या वाटचा उपास मी धरीन." मग माझ्याकडं वळून, "आन् तू बाजारात जा. मटण आण. सांडू नको."

त्या आठवड्यात त्या घरात जे शिजलं ते युरोपवाल्या साहेबांनी स्वप्नातही पाहिलं नसेल. तांबडा रस्सा, ज्वारीची भाकरी, तासगावचे बेदाणे घातलेला शिरा, भाभींकडची बिर्याणी, मधल्या वेळेला सांगलीचं भडंग. आणि पाणी. अक्का तांब्या घेऊन वैजूच्या मागं मागं. सकाळ-संध्याकाळ मायलेकी अंगणात पाय रोवून हूक, हूक. भाभींनी मागावर काम करणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, शेजारी भांडण नाही, विमान चाललंय.

रविवारी मिरज स्टेशनवर वैजूला गाडीत बसवलं. अक्कानं एकच सांगितलं. "इचारलं तर खरं सांग. आन् खरं सांगता यावं म्हणून खाऊन जा."

मंगळवार

मी रजा वाढवली. आणि कुठल्या अवसानात कोण जाणे, बोलून बसलो, "अक्का, मीपण धरतो." अक्कानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि तिला दया आली. भाभींनी सांगितलं, त्यांचाही आज एक रोजा. साताऱ्याहून दाजींचा फोन, त्यांनीही डबा परत पाठवला होता. एक पोरगी खाणार म्हणून चार माणसं उपाशी.

सकाळी वैजूनं फोटो पाठवला. ताटात इडल्या, उकडलेली अंडी, केळी, आणि बाजूला रिकामा झालेला पाण्याचा मोठा ग्लास. अक्कानं तो फोटो देवीला दाखवला.

मग वाट बघणं. निरंकार उपासात घड्याळ हे फार दुष्ट यंत्र आहे. भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला तेव्हा मला यमाईची, अल्लाची आणि शिरवळच्या कॅन्टीनची एकदमच आठवण झाली. अक्का जागची हलत नव्हती. फोन मांडीवर, ओठ हलत होते.

दुपार कलल्यावर फोन वाजला. अक्कानं तो कानाला लावला आणि बोलायचंच विसरली. शेवटी मी स्पीकर लावला.

"आई, हिरवं दिसलं!" वैजू ओरडत होती. "शेवटपतोर दिसलं! एकबी दिवा गेला न्हाई!"

"किती पट गं?"

"नऊ!"

अक्का उठली, अंगणात गेली आणि भिंतीपलीकडं अख्ख्या माधवनगरला ऐकू जाईल असं ओरडली, "भाभी! माझी पोरगी पाच क्विंटलची झालीवती! आन् डोळं उघडं ठेवून बसलीवती!"

माग थांबले. मी त्या घरी कितीतरी वर्षं येतोय, भर दिवसा माग थांबलेले कधी ऐकले नव्हते. बायका धावत आल्या, कुणी साखर आणली, अक्कानं ती सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि आम्हा उपाशी लोकांची वाटीत काढून ठेवली. साताऱ्याहून दाजी फोनवर नुसतं "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते. मग त्यांनी एकदम फोन ठेवला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. पोटात थेंब नसताना ते कुठून आलं, देव जाणे.

संध्याकाळी वैजूनं व्हिडिओ कॉल लावला, सगळ्यांचा उपास सुटताना तिला बघायचा होता. इकडं अजान झाली, तिकडं अक्कानं दिवा लावला. भाभींनी खजूर अक्काच्या हातावर ठेवला, अक्कानं गूळ-भाकरीचा घास भाभींना दिला. दोघी एकमेकींकडं बघून हसत होत्या आणि रडत होत्या. आणि मी, ज्यानं दिवसभर फक्त या क्षणाचा विचार केला होता, तांब्याकडं झेपावण्यासाठी झटक्यात उभा राहिलो.

अंगणात समोर, भिंतीवरून, भाभींचं हिरवं दार दिसत होतं. ते आधी राखाडी झालं. मग कडेकडेनं काळं यायला लागलं. अक्काची हाक मात्र स्पष्ट ऐकू येत होती. "अरं, पडतंय हे! पाय आवळ! पोट आवळ! हूक कर, हूक!"

"मामा, श्वास कोंडा!" फोनमधून वैजू.

मी भिंतीला हात टेकला, पाय आवळले, पोट म्हणून जे काही आहे ते आवळलं, आणि सगळं बळ एकवटून "हूक!" केलं. परत एकदा. परत एकदा. दार हळूहळू हिरवं झालं.

"दिसतंय?" वैजूनं विचारलं.

"दिसतंय. हिरवंगार."

"मग तुमीबी पास, मामा," ती म्हणाली. "आता पाणी प्या."